वाचण्यासाठी कोणती परकी भाषा शिकावी?

परकी भाषा शिकण्याचा विचार महाराष्ट्रात बहुधा दोन टप्प्यांवर होतो. अकरावी-बारावीला गुण चांगले मिळतात म्हणून जर्मन किंवा फ्रेंच घेतली जाते, आणि पुढे नोकरी, उच्च शिक्षण किंवा परदेशी स्थायिक होणे यांसाठी जर्मन वा जपानीचे वर्ग लावले जातात. दोन्ही कारणे रास्त आहेत. परंतु ज्याला एखाद्या भाषेतील ग्रंथ मुळातून वाचायचे आहेत, त्याच्यासाठी निवडीचे निकष याहून वेगळे असतात आणि त्यांचा विचार मराठीत पुरेसा झालेला नाही. भाषा किती कोटी लोक बोलतात किंवा तिच्या जोरावर किती पगार मिळतो, याचा वाचकाच्या कामाशी थेट संबंध नसतो. त्याला प्रथम पाहावे लागते ते हे, की त्याला हवे असलेले आणि अन्य कोणत्याही परिचित भाषेत न मिळणारे ग्रंथ तेथे आहेत का. आणि मग हे, की त्याला आधीपासून येणाऱ्या भाषांपासून त्या भाषेचे लिखित रूप किती अंतरावर आहे.

येथे ‘लिखित रूप’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही भाषेची चार अंगे मानली जातात, आणि त्यांपैकी केवळ वाचनाचे अंग स्वतंत्रपणे कमावता येते. पाश्चात्त्य विद्यापीठांत इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य अशा विषयांच्या संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या विषयाला लागणाऱ्या एकदोन परक्या भाषांतील उतारा कोशाच्या मदतीने वाचून दाखवावा लागण्याची प्रथा जुनी आहे, आणि केवळ त्यासाठी लिहिलेली जर्मन व फ्रेंचची पाठ्यपुस्तकेही आहेत. वाचकाला शब्द ओळखावा लागतो, आठवून वापरावा लागत नाही. विभक्तीचा प्रत्यय दिसल्यावर कळला की पुरे, तो स्वतः अचूक लावता आला नाही तरी चालते. त्यामुळे श्रम बरेच वाचतात. मात्र याला दुसरी बाजूही आहे. संभाषणाच्या वर्गांत ज्यांना फाटा दिला जातो अशा काही गोष्टी वाचकाला अपरिहार्य असतात. फ्रेंचमध्ये साधा भूतकाळ म्हणून ओळखले जाणारे क्रियापदाचे एक रूप आजच्या बोलण्यात जवळजवळ नाही, पण कथा-कादंबऱ्या आणि इतिहासग्रंथ त्याने भरलेले असतात. ते न शिकलेला माणूस पॅरिसमध्ये सुखाने वावरू शकेल, परंतु बाल्झाकच्या कादंबरीत दर ओळीला अडखळेल. वाचनासाठी भाषा शिकणे म्हणजे बोलण्याच्या अभ्यासक्रमाचा अर्धा भाग उरकणे नव्हे. तो वेगळ्या क्रमाने केलेला वेगळा अभ्यास आहे.

भाषेपेक्षा ग्रंथ आधी ठरावा, हे तत्त्व विनोबा भावे यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. कुराण मुळातून वाचता यावे यासाठी त्यांनी अरबीचा अभ्यास केला, आणि त्या अभ्यासाचे फळ म्हणून कुराणातील निवडक वचनांचे त्यांचे संकलन पुढे प्रसिद्ध झाले. एका ग्रंथासाठी एक भाषा हा हिशेब वरवर महागडा वाटतो, पण ज्याला नेमका ग्रंथ ठाऊक आहे त्याचा अभ्यास मध्येच सुटत नाही. याउलट, भाषा सुंदर आहे एवढ्याच भावनेने केलेली सुरुवात पहिल्या व्याकरणाच्या पुस्तकाबरोबर संपण्याची शक्यता मोठी असते.

असे ग्रंथ मराठी वाचकासाठी कोठे आहेत, या प्रश्नाचे उत्तर आश्चर्यकारक आहे, कारण त्यांपैकी बरेच खुद्द महाराष्ट्राविषयीच आहेत. मराठी भाषेच्या ऐतिहासिक घडणीवरील पहिला पायाभूत शास्त्रीय ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला गेला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा हा प्रबंध १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने तो १९४१ मध्ये मराठीत आणला, आणि इंग्रजी भाषांतर मात्र १९७० मध्ये निघाले. फ्रेंच जाणणारा एक मराठी अभ्यासक होता, म्हणून मराठी वाचकांना हा ग्रंथ इंग्रजी वाचकांच्या २९ वर्षे आधी मिळाला. धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील गुंथर सोन्थायमर यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये आले. मधली १३ वर्षे महाराष्ट्राच्या लोकधर्मावरचे एक अत्यंत मोलाचे संशोधन ज्यांना जर्मन येत नव्हती त्यांच्यासाठी बंदच होते. भाषांतर होते, पण ते उशिरा होते, निवडक होते, आणि कोणत्या ग्रंथाचे व्हावे हे ठरवणारे लोक वाचकाच्या गरजा समोर ठेवतातच असे नाही.

या निकषाने पाहिल्यास काही लोकप्रिय भाषांचे महत्त्व कमी होते. स्पॅनिशमध्ये सर्व्हान्टेसपासून बोर्हेस आणि गार्सिया मार्केसपर्यंत अलौकिक साहित्य आहे, तिचे लेखन उच्चारानुसारी आहे आणि शिकण्यास ती सोपीही आहे. परंतु तिच्यातील नामांकित कादंबऱ्यांची उत्तम इंग्रजी भाषांतरे सहज मिळतात. ज्याला केवळ कादंबऱ्या वाचायच्या आहेत त्याने स्पॅनिशसाठी वर्षे घालवण्यापूर्वी विचार करावा. काव्याची गोष्ट निराळी आहे, कारण छंद, नाद आणि शब्दांचे जुळे अर्थ भाषांतरात टिकत नाहीत; आणि इतिहासाच्या साधनांची गोष्ट त्याहूनही निराळी आहे, कारण तेथे एका क्रियापदाचा काळ किंवा एका पदवीचा नेमका अर्थ यांवर निष्कर्ष उभा असतो.

आता अंतराचा प्रश्न. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आणि तिच्या अनुभवावर आधारलेले अंदाज जगभर उद्धृत केले जातात. त्यांनुसार स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच यांसाठी वर्गातील साधारण ६०० ते ७५० तास, जर्मनसाठी सुमारे ९००, रशियन, फार्सी आणि हिंदी यांसाठी सुमारे ११००, तर चिनी, जपानी, कोरियन आणि अरबी यांसाठी सुमारे २२०० तास लागतात. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत आणि त्यांत बोलणेही धरलेले आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या कोष्टकात हिंदी रशियनच्या पंक्तीला बसते ते मराठी माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे उघड आहे. इंग्रजी शिकलेल्या मराठी वाचकाजवळ एकाच वेळी तीन शिदोऱ्या असतात: इंग्रजीतून आलेली लॅटिन मुळाची शब्दसंपत्ती, मराठीचे व्याकरण, आणि मराठीत मुरलेले फार्सी-अरबी शब्द. शाळेत संस्कृत झाले असेल तर चौथीही. कोणती भाषा यांपैकी कशाचा उपयोग करून घेते, यावर त्याचे श्रम ठरतात.

जर्मनच्या बाबतीत मराठी व्याकरण अनपेक्षितपणे कामी येते. जर्मन वाक्यात गौण उपवाक्याचे क्रियापद शेवटी जाते आणि इंग्रजी वाचकाला वाक्य संपेपर्यंत अर्थ लागत नाही अशी त्याची तक्रार असते. मराठी वाचकाला क्रियापदाची शेवटपर्यंत वाट पाहण्याची जन्मापासून सवय असते. पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग ही तीन लिंगे मराठीतही आहेत, त्यामुळे निर्जीव वस्तूंना लिंग असते ही कल्पना त्याला नवी नसते, मात्र प्रत्येक नामाचे लिंग स्वतंत्रपणे शिकावेच लागते. लांबलचक जोडशब्द संस्कृत समासांप्रमाणे उजवीकडून डावीकडे सोडवता येतात, आणि प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे लिहिण्याची जर्मन पद्धत तर वाचकाला वाक्याचा सांगाडा आयताच दाखवून देते. अडथळा आहे तो वेगळ्या ठिकाणी: १९४१ पूर्वीची अनेक जर्मन पुस्तके फ्राक्टूर नावाच्या जुन्या वळणाच्या टाइपात छापलेली आहेत आणि तो टाइप डोळ्यांना सवयीचा होण्यास काही आठवडे जातात.

या श्रमाच्या बदल्यात जर्मन जे देते ते विशेषतः संस्कृतच्या अभ्यासकासाठी अमूल्य आहे. ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन महाकोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्ग येथे प्रसिद्ध झाला आणि पुढच्या कोशांनी त्याचाच आधार घेतला. गेल्डनर यांचे ऋग्वेदाचे संपूर्ण जर्मन भाषांतर १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले, तर त्या तोलाचे इंग्रजी भाषांतर जेमिसन आणि ब्रेरेटन यांनी २०१४ मध्ये सिद्ध केले. ओल्डेनबर्ग यांची ऋग्वेदावरील टिपणे आणि वाकरनागेल यांनी आरंभलेले प्राचीन भारतीय भाषेचे व्याकरण हे ग्रंथ आजही मुळातूनच वाचावे लागतात. रा. ना. दांडेकर हायडेलबर्गला आणि इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्या काळात जर्मन ही भारतविद्येची व्यवहारभाषाच होती. पुण्यात जर्मन शिकण्याची सोय इतकी जुनी आणि चांगली असताना तिचा उपयोग वाचनासाठी कमी आणि नोकरीसाठी अधिक व्हावा, ही खेदाची गोष्ट आहे.

फार्सीचा विचार आज बहुतेक वाचकांच्या मनात येतही नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र तिला कधी परके मानले नाही. तिच्यात व्याकरणिक लिंग नाही, नामांना विभक्तीची रूपे नाहीत, आणि शहर, बाजार, कागद, जमीन, हजार, ताजा यांसारखे शेकडो शब्द मराठी वाचकाला पहिल्या दिवसापासून येत असतात. अडचण लिपीची आहे. अरबी लिपीवर बेतलेल्या तिच्या ३२ अक्षरांत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत, त्यामुळे अपरिचित शब्द केवळ पाहून उच्चारता येत नाही. पण जो शब्द मराठीतून आधीच कानावर आहे त्याचे स्वर वाचक मनातल्या मनात भरून काढतो, आणि येथे मराठीची शिदोरी सर्वाधिक उपयोगी पडते. छापील पुस्तकांसाठी एवढे पुरते. हस्तलिखित पत्रांतील शिकस्ता हे घाईचे, तुटक वळण वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि सामान्य वाचकाने तिची धास्ती घेण्याचे कारण नाही.

फार्सीतील ग्रंथांचा आवाका मोठा आहे. विजापूरच्या दरबारी राहून फिरिश्ता याने सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेला इतिहास, बुंदेल्यांच्या चाकरीत राहून औरंगजेबाची दख्खनची मोहीम जवळून पाहिलेल्या भीमसेन सक्सेना याच्या आठवणी, खाफीखानाचा इतिहास हे सर्व दख्खनच्या भूमीशी जोडलेले आहेत. एलियट आणि डाउसन यांनी १८६७ ते १८७७ या काळात आठ खंडांत अशा ग्रंथांचे इंग्रजी उतारे दिले, आणि आजही अनेक लेखक तेवढ्यावरच विसंबतात. परंतु उतारे निवडणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेच त्यांत आले. सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधने थेट मराठीत आणून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. मराठी वाचकाचे आणखी एक भाग्य असे की त्याला आपल्याच भाषेत कोश उपलब्ध आहे: माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा फार्सी-मराठी कोश १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पटवर्धनांनी उमर खय्यामच्या रुबाया फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपावरूनही मराठीत आणल्या आणि मूळ फार्सीवरूनही आणल्या. मूळ आणि मधले भाषांतर यांत किती अंतर पडते हे ज्याला पाहायचे असेल त्याने ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. शिवाय फार्सीची साहित्यिक भाषा शतकानुशतके फार बदललेली नाही. सादीचे १२५८ मधील ‘गुलिस्तान’ वाचण्याइतकी तयारी झालेला वाचक विसाव्या शतकातील सादिक हिदायतकडेही वळू शकतो. हिदायतची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी तो मुंबईत राहत असताना तेथेच प्रथम, मोजक्या प्रतींच्या रूपात, बाहेर पडली, हे फार थोड्यांना माहीत असते.

पोर्तुगीजचा क्रम प्रस्तुत विवेचनात शेवटी आला असला तरी बहुसंख्य मराठी वाचकांसाठी तीच सर्वांत फलदायी निवड ठरावी. इंग्रजी येणाऱ्याला तिचा छापील मजकूर लवकर साधतो, कारण विद्या, शासन, धर्म, कायदा यांविषयीचे तिचे बहुतेक शब्द इंग्रजीतील लॅटिन शब्दांचे सख्खे भाऊ आहेत. लिस्बनच्या उच्चारात स्वर गिळले जातात आणि त्यामुळे ती ऐकून समजणे कठीण जाते, पण वाचकाला ही अडचण भेडसावत नाही. १९११ मध्ये पोर्तुगालने लेखनपद्धती सुधारली. त्यापूर्वीच्या पुस्तकांतील जुने लेखन आजच्या पोर्तुगीज विद्यार्थ्याला विचित्र वाटत असले तरी इंग्रजी वाचकाला ते उलट अधिक ओळखीचे वाटते, कारण त्यात लॅटिन आणि ग्रीक मुळांची अक्षरे जशीच्या तशी ठेवलेली असतात. गोव्याविषयीचे एकोणिसाव्या शतकातील महत्त्वाचे ग्रंथ याच लेखनात आहेत.

आणि ग्रंथ किती आहेत! गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मुरगावचा रहिवासी असलेल्या कोस्मे द ग्वार्दा याने १६९५ मध्ये लिहिलेले शिवाजी महाराजांचे चरित्र १७३० मध्ये लिस्बनला छापले गेले. त्यात चुका आणि ऐकीव कथा पुष्कळ आहेत, पण महाराजांच्या निधनानंतर अवघ्या १५ वर्षांत शेजारच्या परकीय मुलखात त्यांची कोणती प्रतिमा रूढ झाली होती हे त्यावरून कळते. कुन्य रिव्हार यांनी एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज दप्तरातील कागदांचे खंड छापले. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या पुराभिलेखागारात आयुष्य वेचून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांची साधने उजेडात आणली आणि त्यांच्या लेखनाचा मोठा भाग पोर्तुगीजमध्येच आहे. सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांचा आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा १९१३ चा ग्रंथ मराठीतील पगार, चावी, घमेले, लिलाव अशा शब्दांचा माग काढतो. ललित साहित्यही आहे: फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांची जातिव्यवस्थेवरील कादंबरी १८६६ ची, ओर्लांदु द कोश्ता यांची गोव्यातील कष्टकऱ्यांवरील कादंबरी १९६१ ची, आणि विमला देवी यांच्या कथा १९६३ च्या. गोव्याबाहेर पोर्तुगालचा पेसोआ आणि सारामागू आहेत, ब्राझीलचा माशादु द आसिस आहे. त्यातच पोर्तुगीज वाचता येऊ लागल्यावर स्पॅनिश मजकूर थोड्या जास्तीच्या श्रमात उलगडतो, म्हणजे एका अभ्यासात दीड भाषा पदरात पडते.

उरलेल्या भाषांविषयी थोडक्यात सांगता येते. फ्रेंच ही कोणत्याही विषयाच्या वाचकाला कधी ना कधी लागणारी भाषा आहे आणि इंग्रजी येणाऱ्याला तिचे लिखित रूप जवळचेच वाटते. रशियनची ३३ अक्षरे पंधरा दिवसांत येतात, सहा विभक्त्यांची कल्पना मराठी माणसाला परकी नाही, पण शब्दसंपत्ती जवळजवळ संपूर्ण नवी असल्याने ती दीर्घकाळाची भाषा आहे. जपानीबाबत वाचकाने विशेष सावध असावे: तिची वाक्यरचना मराठीसारखी, कर्ता-कर्म-क्रियापद अशी असल्याने बोलण्याच्या वर्गात प्रगती झपाट्याने होते, परंतु सामान्य पुस्तक वाचण्यासाठी दोन अक्षरमाला आणि त्यांखेरीज सुमारे २००० चिनी चिन्हे लागतात, शासनाने नित्य वापरासाठी ठरवलेल्या चिन्हांची २०१० मधील संख्या २१३६ आहे. तिच्यात बोलणे जवळचे आणि वाचणे सर्वांत दूरचे आहे.

किती शब्द आले म्हणजे पुस्तक वाचता येते, याचे इंग्रजीपुरते उत्तर पॉल नेशन या भाषाशिक्षणतज्ज्ञाने २००६ मध्ये दिले. मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे मिळून एक शब्दकुल धरल्यास, छापील मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखण्यासाठी ८००० ते ९००० शब्दकुले लागतात. ९८ टक्के म्हणजे ५० शब्दांत एक अपरिचित, किंवा ३०० शब्दांच्या पानात सहा. ९५ टक्क्यांवर हीच संख्या पंधरा होते आणि वाचनाची लय तुटते. हा आकडा पाहून खचण्याचे कारण नाही. तो सर्व प्रकारच्या पुस्तकांसाठी आहे, आणि एका विषयाच्या किंवा एका लेखकाच्या पुस्तकांत तेच तेच शब्द परत येतात. इतिहासाच्या वाचकाला तह, वेढा, जकात, वकील यांचे पर्याय पहिल्या तीस पानांत पाठ होतात. पाककृती आणि फुलांची नावे त्याला बराच काळ लागतही नाहीत. म्हणून व्याकरणाची रूपरेषा दोनतीन महिन्यांत डोळ्यांखालून घालून, समोरासमोर मूळ आणि भाषांतर असलेले किंवा भाषांतर आधी वाचून झालेले एकच पुस्तक हाती घ्यावे, आणि ते संपेपर्यंत दुसरे उघडू नये. इंग्रजीचा आधार असलेल्या भाषांत रोज एक तास देणाऱ्याला वर्षभरात कोशासह वाचन जमावे. फार्सी आणि रशियनला याहून अधिक काळ द्यावा लागेल.

ज्याचा विषय वेद, व्याकरण किंवा भारतविद्या आहे त्याने जर्मन घ्यावी. ज्याला मोगल आणि शाही राजवटींच्या बाजूने दख्खनचा इतिहास पाहायचा आहे किंवा फार्सी कवी हाफिज मुळातून वाचायचा आहे त्याने फार्सी घ्यावी, आणि वयाच्या कोणत्याही टप्प्यावर घ्यावी. ज्याचा विषय अद्याप ठरलेला नाही अशा मराठी आणि कोकणी वाचकाने मात्र पोर्तुगीजपासून आरंभ करावा. तिची लिपी परिचित आहे, श्रम तुलनेने थोडे आहेत, गोवा विद्यापीठात ती शिकण्याची सोय आहे, आणि तिच्यात लिहिलेल्या या प्रदेशाविषयीच्या मजकुराचा फार थोडा भाग आजवर मराठीत आला आहे.